पूर्वेच्या गोठ्यातलं दूध

शुक्रवार, ३ मार्च १९९५. सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटं.

ताई,

मापं गरम पाण्याने धुवून पालथी घातली आहेत. ती सुकायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात हे लिहितो. टँकरवाला साडेसातला दूध न्यायला येतो. तुझा दवाखाना त्याच्या रस्त्यावरच आहे, तेव्हा पत्र तोच देईल आणि तुझं उत्तरही तोच आणेल. तुझा जबडा तारेने आवळलेला असताना फोन करून मी एकट्यानेच काय बोलायचं?

तुला नेल्यानंतर इथे काय झालं ते कोणी सांगितलं नसेल, म्हणून क्रमाने लिहितो. तू दूध काढायला बसली होतीस आणि पैलवान मेंढ्याने मागून येऊन धडक मारली, असं दाजी म्हणाले. तुला दवाखान्यात पोचवून आल्यावर त्यांनी पैलवानाला अंगणात आणलं, शिंगं खांबाला बांधली आणि कुऱ्हाड घेतली. पहिला घाव मानेऐवजी खांद्यावर बसला. मावशी सांगतात की पाच घाव लागले, आणि चौथ्यापर्यंत तो उभा होता. चौसष्ट मेंढ्या कुंपणापलीकडून बघत होत्या. थोरले दीर त्या दिवशी गाडी घेऊन कुठेतरी गेले होते. ते उशिरा परत आले. बाटलीने दूध पाजून वाढवलेला मेंढा तसा पडलेला बघून त्यांनी एक शब्द विचारला नाही, सरळ काठी घातली. दाजींच्या दोन बरगड्या मोडल्या आहेत.

तेव्हापासून दोघे भाऊ एकाच नळावर तोंड धुतात, पण बोलायचं झालं तर मावशींना मध्ये घालतात. काल थोरले मावशींना म्हणाले, "त्याला सांगा, मीठ इकडे सरकव." मावशी म्हणाल्या, "मी दूध काढायला ठेवलेली बाई आहे, टपाल खात्यात नाही." कोणी हसलं नाही.

तर वाटणी करायची ठरली. तुला माहीतच आहे, तुझ्या सासरी कळप डोक्यांवर नाही, दुधावर वाटतात. दर मेंढीचं दूध मोजायचं आणि दोन्ही भावांच्या वाट्याला सारखं दूध येईल असे दोन कळप करायचे. मापाला मला बोलवावं हे थोरलेच म्हणाले, याचं मला नवल वाटलं. मी दाजींचा मेव्हणा, त्यांचा कोण? डेअरीतून पंधरा दिवस बिनपगारी रजा घेतली आहे.

माझी पद्धत लिहितो, चूक दिसली तर कळव. संध्याकाळी सहाला कोकरं वेगळी कोंडायची. सकाळी सहाला मावशींनी दोन्ही गोठ्यांत दूध काढायचं, आधी पश्चिमेच्या आणि मग पूर्वेच्या. पूर्वेच्या एकतीस मेंढ्या म्हणजे तुझ्या हाताच्या, निळ्या बिल्ल्यांच्या. फेस बसल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही. मेंढीची मान फळीत अडकवून धरायला एक माणूस लागतो, ते काम एक दिवस थोरल्यांनी करायचं, एक दिवस दाजींनी. मी वहीत आणखी एक रकाना आखला आहे: 'फळीशी कोण'. गरज नाही, पण असावा.

दाजी माझ्याशी फार चांगले वागतात. "काय मेव्हणे, किती मार्क दिलेत आमच्या पोरींना?" असं विचारतात. थोरल्यांची मात्र भीती वाटते. मला 'मापाड्या' म्हणतात, आणि काल बादली आडवी आली म्हणून त्यांनी ती लाथेने भिंतीवर भिरकावली. तू लवकर बरी हो. ह्रस्वदीर्घ तपासून घेतले आहेत.

तुझा,
छोट्या

*

४ मार्च, दुपार

छोट्या,

पेन्सिलने लिहिते आहे, उशीवर वही ठेवून. नळीने सूप पिते. खालचे दोन दात गेले. बाजूच्या खाटेवरची आजी म्हणते, "बाई, तुझं बरं आहे, भांडण करायची सोयच नाही." मला हसता येत नाही म्हणून तीच माझ्या वाट्याचं हसते.

माप बरोबर घेतो आहेस. तुझी पद्धत मला कधी चुकीची वाटली नाही. नऊ नंबरची मेंढी डाव्या सडाला हात लावू देत नाही, मावशींना सांग की आधी उजवा. सव्वीस नंबरशी बोलावं लागतं. काय बोललं ते महत्त्वाचं नाही, आवाज हळू पाहिजे.

एक कर. ह्यांना पूर्वेच्या गोठ्यात जास्त वेळ उभं राहू देऊ नकोस. बरगड्या दुखत असतील. फळीशी तू उभा राहिलास तरी चालेल.

थोरल्यांना घाबरू नकोस. ते बादल्यांना लाथा मारतात.

ताई

*

सोमवार, ६ मार्च. सकाळी सव्वानऊ. टँकर उशिरा आला आहे.

ताई,

तुला जबड्याच्या दुखण्यातही दाजींच्या बरगड्यांची काळजी आहे, हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "अशी बायको नशिबाने मिळते, मेव्हणे." आणि फळीशी तेच उभे राहिले, मला राहू दिलं नाही.

आता महत्त्वाचं. चार दिवसांचे आकडे बघ. सगळे लिटरमध्ये, फेस बसल्यावर घेतलेले.

३ तारीख: पश्चिम २१.१००, पूर्व २०.३००. फळीशी थोरले.
४ तारीख: पश्चिम २१.०००, पूर्व १३.२००. फळीशी दाजी.
५ तारीख: पश्चिम २१.२००, पूर्व २०.१००. फळीशी थोरले.
६ तारीख: पश्चिम २०.९००, पूर्व १२.९००. फळीशी दाजी.

चारा तोच, पाणी तेच, मावशींचे हात तेच. सात लिटर दूध जातं कुठे? मावशी म्हणतात, "पान्हा चोरतात त्या, दूध वर ओढून धरतात." पण एकतीस मेंढ्या ठरवून एकाच दिवशी पान्हा कशा चोरतील? त्यांची काय सभा भरते?

मी रात्रभर विचार केला. पूर्वेच्या गोठ्याला मागचं दार आहे आणि ते थोरल्यांच्या खोलीसमोर उघडतं. ज्या सकाळी दाजींची पाळी असते, तिच्या आदल्या रात्री कोणीतरी मेंढ्या अर्ध्या पिळून ठेवतं. म्हणजे आळ दाजींवर यावा. स्वतःच्या पाळीच्या दिवशी मात्र दूध पुरं! हे एकाच माणसाला सुचू शकतं. काल मी गोठ्यात वाकून बघत होतो तर थोरले मागे येऊन उभे होते. म्हणाले, "मापाड्या, मापात डोळे घाल, माझ्या दारात नको." मी वही मिटली आणि बाहेर आलो.

दाजींना सांगावं की नाही? आळ घेण्याआधी आणखी एक दिवस मोजावं असं मला वाटतं. पण ते आज दुपारी वही मागून घेऊन बघणार आहेत.

छोट्या

*

६ मार्च, संध्याकाळ

छोट्या,

वही ह्यांना दाखवू नकोस. काहीही कारण सांग. शाई सांडली म्हण.

थोरल्यांनी दूध चोरलेलं नाही. त्या माणसाने आयुष्यात शिव्यांशिवाय कोणाला काही दिलं नसेल, पण कोणाचं घेतलंही नाही. माप चुकलं असेल, मावशी थकल्या असतील, मेंढ्या पैलवानाच्या रक्ताला बुजल्या असतील. हजार कारणं असतात. तू यात पडू नकोस. आकडे लिही आणि परत जा.

माझी पत्रं कोणाला वाचून दाखवत जाऊ नकोस.

ताई

*

बुधवार, ८ मार्च. सकाळी आठ.

ताई,

तुझं पत्र काल टँकरसोबत आलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. तुझ्यापासून लपवणार नाही.

दाजींनी सोमवारी दुपारी वही बघितली. चिडले नाहीत. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मेव्हणे, शाळा अर्धी सोडलीत पण डोकं पुरं आहे." मंगळवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी थोरले नळावर वाकून तोंड धुवत होते. डोळ्यांना साबण लागला होता. दाजी लोकर कापायची कातर घेऊन मागून गेले. मी मापं घेऊन दारात होतो. मला वाटलं, धमकावतील.

कातर कानातून गेली. अर्धा कान खाली लोंबला. थोरले ओरडले नाहीत, नुसते वळले, आणि दुसरा वार खांद्यात घुसला. पातं हाडात अडकलं. दाजी ते काढायला लागले तेव्हा थोरल्यांनी पाण्याने भरलेली बादली त्यांच्या तोंडावर मारली. मग दोघे नळाखालच्या चिखलात एकमेकांवर पडले. दाजी त्यांच्या फाटक्या कानाला धरून डोकं दगडावर आपटत होते आणि प्रत्येक वेळी म्हणत होते, "चोर. चोर. चोर." फार हळू आवाजात. थोरल्यांनी त्यांच्या बरगड्यांवर गुडघा रोवला. बुजलेल्या मेंढ्यांनी कुंपण तोडलं आणि त्यांच्या अंगांवरून पळाल्या. एका कोकराचा पाय तुटला. मी तसाच उभा होतो. हातातलं माप मी खाली ठेवलंसुद्धा नाही.

टँकरवाला वरच्या गोठ्यांकडे चालला होता, मावशींनी त्याला रस्त्यातच हाक मारली. त्याने दोघांना सोडवलं. थोरले तुझ्याच दवाखान्यात आहेत, दाजींना चौकीत नेलं.

आता नीट ऐक. आज सकाळी दोघेही इथे नाहीत. फळीशी मी उभा राहिलो. पश्चिम २१.०००, पूर्व २०.४००. चोर खाटेवर पडला आणि दूध परत आलं! याहून मोठा पुरावा काय हवा? जे घडलं ते वाईटच, त्याला माझी वही कारण झाली हेही खरं, आणि मला रात्री झोप लागली नाही. पण आकडा खोटा नव्हता.

दाजी आज संध्याकाळी सुटतील. तुला चौदा तारखेला घरी सोडणार आहेत ना? तू सरळ इथे ये. वाटणी झाली की मध्ये भिंत घालायची असं दाजी म्हणत होते. थोरल्यांचं तोंड बघायला नको. तुला आता भ्यायचं कारण उरलेलं नाही. मी सगळं मोजून बघितलं आहे.

छोट्या

*

१० मार्च

छोट्या,

थोरले खालच्या वॉर्डात आहेत. काल नर्सला सांगून जिना उतरले. त्यांच्या डोक्याला एवढं बांधलं आहे की एक डोळाच दिसतो. मला बोलता येत नाही आणि त्यांना ऐकू येत नाही. अर्धा तास बसलो. मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या हातावर एक संत्रं ठेवलं. मला ते खाता येणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी स्वतःलाच एक शिवी दिली.

त्यांचा कान माझ्यामुळे गेला, छोट्या. तुझ्यामुळे नाही. यापुढे माझ्यामुळे आणखी कोणाचं काही जायला नको. मी घरात असले की घर शांत असतं, हे मला ठाऊक आहे. ते कसं ते विचारू नकोस.

तू म्हणतोस तर येते. चौदा तारखेला, अकराच्या बसने. तू मोजलेलं असतं ते बरोबरच असतं.

ताई

*

रविवार, १२ मार्च. सकाळी सात वाजून पाच मिनिटं. गोठ्यामागे उभा राहून लिहितो आहे.

ताई,

येऊ नकोस.

टँकरवाल्याला सांगितलं आहे की हे पत्र तुझ्या हातातच द्यायचं. सोबत वहीच्या दोन पानांची नक्कल आहे. तुझी शेवटची ओळ मी वीस वेळा वाचली. आता मी काय मोजलं ते सांगतो.

दाजी परत आले. थोरले तुझ्याकडे खाटेवर आहेत, हे तू स्वतः लिहिलंस. गुरुवारी आणि शुक्रवारी फळीशी दाजीच होते. पूर्व: १३.०००. पूर्व: १२.८००. चोर इथे नाही आणि दूध पुन्हा गेलं.

तरी मी म्हटलं, मेंढ्यांनी पैलवान मरताना बघितला, म्हणून दाजींना भितात. पण ते अंगणात झालं, चौसष्ट मेंढ्यांसमोर. मग पश्चिमेच्या तेहतीस का भीत नाहीत? खात्री करायची म्हणून काल दाजींना सांगितलं की पूर्वेला मी उभा राहतो, तुम्ही फक्त पश्चिमेला थांबा. पश्चिम २१.०००. पूर्व २०.२००. आज पुन्हा त्यांना पूर्वेला पाठवलं. ते दारातून आत आले आणि सव्वीस नंबर जागच्या जागी मुतली. एकतीस माना एकदम वर झाल्या. मावशींनी पहिला सड ओढला तर हाताला काही लागलं नाही. १२.७००.

मावशींना विचारलं, "हे काय आहे?" त्या सडाकडेच बघत म्हणाल्या, "बाबा, तू मोजणारा. मी पिळणारी. जे या गोठ्यात होत होतं ते या गोठ्यातल्यांनी बघितलं."

टँकरच्या हिशेबाची तुझी जुनी वही कपाटात होती. दोन वर्षांची, दोन्ही गोठ्यांचं रोजचं दूध तुझ्या अक्षरात. मी थोरल्यांच्या चोऱ्या शोधायला ती काढली होती. त्यात अकरा दिवस असे सापडले की पश्चिमेचं दूध जिथल्या तिथे आणि पूर्वेचं तिसऱ्या हिश्श्याने खाली. तुझी सगळी पत्रं मी वहीच्या कव्हरात जपून ठेवतो. शेजारी शेजारी ठेवून वाचली.

गेल्या वर्षी १९ एप्रिल, पूर्व १२.५००. तुझं २१ तारखेचं पत्र: पायरीवरून घसरले, मनगट मुरगळलं.
२ जून, पूर्व १३.०००. तुझं ५ तारखेचं पत्र: कपाटाचं दार लागलं, डोळा सुजला आहे, हसू नकोस.
३० जून, पूर्व ११.९००. तुझं पत्र: दाढ काढून टाकली, फार दुखत होती.

बाकीचे आठ नकलेत आहेत. मी त्या वेळी खरंच हसलो होतो. 'कपाटाला सांभाळ' असं उलट लिहिलं होतं.

अकरावा दिवस तुझ्या जबड्याचा, तेवढा एक आकडा टँकरवाल्याच्या अक्षरात आहे. मेंढे दूध काढायच्या दिवसांत वेगळे कोंडलेले असतात, हे कोणालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. पैलवान तिथे आला कसा, हे मी एकदाही विचारलं नाही.

आत्ता दाजी हसत म्हणाले, "मेव्हणे, मला का इकडून तिकडे नाचवताय? मेंढ्यांची परीक्षा आहे की माझी?" मी म्हटलं, रीत आहे. त्यांनी वहीकडे बघितलं.

तू अकराची बस पकडू नकोस. मी म्हणालो होतो ये, ते मी परत घेतो. थोरल्यांचे पाय धर माझ्या वतीने.

छोट्या

*

१२ मार्च, दुपारी. टँकर उभा करून ठेवला आहे.

छोट्या,

अकरा बरोबर आहेत. पण मेंढ्या वर्षातले पाच महिने कोरड्या असतात. ते महिने वहीत नाहीत.

पैलवान त्या दिवशी त्याच्या कोंडीत बांधलेला होता. मारलं ते दूध काढायच्या पाटाने, लाकडी, तीन पायांच्या. कारण काही नव्हतं. कारण असतं तेव्हा कमी मारतात. थोरले दारात आले आणि त्यांनी मला उचलून गाडीत घातलं. आमचे हे मला दवाखान्यात आणायला आले नव्हते, एकदाही आले नाहीत. वाटेत मी थोरल्यांच्या तळहातावर बोटाने लिहिलं: मेंढा. ते म्हणाले, "मी काय आंधळा आहे?" मी पुन्हा लिहिलं: मेंढा. मग त्यांनी दवाखान्यात तेच लिहून दिलं आणि नर्सने घरी फोन करून तेच कळवलं. मला वाटलं, मुक्या जनावरावर टाकलं तर कोणाचं काही जाणार नाही. ह्यांनी त्यालाच पुरावा केला, पाच घावांचा. ते जनावर मी मारलं.

तुझा आकडा कधी खोटा नव्हता. मी खोटी होते, म्हणून तुझं उत्तर चुकलं.

मी येत नाही. आता तू तिथून नीघ. आत्ता, याच टँकरमधून, मापं तिथेच टाकून. वही ह्यांच्या हाती लागायच्या आत. संध्याकाळची कोकरं कोंडायला थांबू नकोस. मी तुला ओळखते, तू थांबशील.

ताई

*

रविवार, १९ मार्च १९९५. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. पुरुषांचा वॉर्ड, खाट क्रमांक सहा.

ताई,

अक्षराला माफ कर. डाव्या हाताने लिहितो आहे. एक ओळ लिहायला तीन मिनिटं लागतात, पण ह्रस्वदीर्घ बघून घेतो.

तू शुद्धीवर नसलेल्या माझ्याजवळ दोन दिवस बसलीस आणि मग मेंढ्यांचे हाल होतील म्हणून मावशींकडे गेलीस, असं थोरल्यांनी सांगितलं. त्या दिवशी काय झालं ते तुला अर्धंच माहीत असेल. पुरं लिहितो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

मी थांबलो. तू ओळखतेस मला. टँकरवाल्याला मी तुझं उत्तर घेऊन त्याच दिवशी परत यायला सांगितलं होतं, तो सहाच्या सुमारास येणार होता आणि सहाला कोकरं कोंडायची होती. दाजी पूर्वेच्या गोठ्यात वही घेऊन बसले होते. तुझी वहीही त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी मला प्रेमाने बोलावलं. "या मेव्हणे. किती मोजलेत?"

मी म्हणालो, "अकरा."

"आणि नक्कल?"

मी म्हणालो, "पाठवली."

ते उठले, माझा उजवा हात धरला आणि मान अडकवायच्या फळीत घातला. मी ओढला नाही. का ओढला नाही ते मला अजून कळत नाही. कदाचित तूही ओढला नसशील. त्यांनी वरची फळी उचलली आणि सोडली. मग पुन्हा उचलली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. प्रत्येक वेळी विचारत होते, "हे मोजलंत? हे मोजलंत?" फळी चार वेळा पडली. मी मोजलं. तर्जनी दुसऱ्या वेळी गेली, मधली आणि शेजारचं बोट तिसऱ्या. चौथ्या वेळी तळव्याचं हाड बाहेर आलं. मेंढ्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एकही ओरडत नव्हती, ताई. त्यांना सवय होती.

मग त्यांनी पाट उचलला. तोच असावा, त्याचा एक पाय नवीन बसवलेला होता. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. तिसरा यायच्या आत मावशी आल्या. त्यांच्या हातात दुधाच्या कॅनचं झाकण होतं, लोखंडी. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून दाजींच्या तोंडावर मारलं. नाक फुटलं. दाजी म्हणाले, "म्हातारे, तुला कामावर कोणी ठेवलं?" मावशी म्हणाल्या, "तिने," आणि पुन्हा मारलं. ते खाली पडल्यावरही मारत होत्या. टँकरवाल्याने त्यांचे हात धरले नसते तर त्या थांबल्या नसत्या. मला आठवतं ते एवढंच की दूध सांडून सगळीकडे पसरलं होतं, त्यात रक्त मिसळत होतं, आणि मला वाटलं, आता याचं माप कसं घ्यायचं?

दोन्ही वह्यांची पानं त्यांनी आधीच चुलीत घातली होती, मांडीवर होती ती नुसती कव्हरं. तुझ्याकडची नक्कल पोलिसांनी घेतली. साहेब म्हणाला, "मेंढ्यांची साक्ष कोर्टात चालत नाही, पण ही मी फायलीला लावतो." दाजी तीस तारखेपर्यंत आत आहेत. पुढचं माहीत नाही.

थोरले रोज संध्याकाळी माझ्या खाटेवर येऊन बसतात. अजूनही मापाड्याच म्हणतात. मी त्यांच्या पाया पडायला लागलो तर म्हणाले, "अरे ऊठ, उरलेला कान दुखतो." वाटणीचं विचारलं तर म्हणाले, "पूर्वेच्या एकतीस तिच्या. त्यांनी कधीच वाटणी करून टाकली आहे." ते तू कबूल करावंस असं मला वाटतं. पण यापुढे मी तुला काय कर ते सांगणार नाही.

काल टँकरवाल्याने तुझी चिठ्ठी दिली. तिच्यात नाव नाही, खुशाली नाही. एवढंच आहे: 'पूर्व २१.४००. फळीशी कोणी नाही. फेस बसल्यावर.' ती मी उशीखाली ठेवली आहे. रात्री हात ठणकला की काढून वाचतो.

नवी वही अजून घेतलेली नाही, म्हणून हिशेब इथेच लिहितो.

झालेला खर्च:
कागद, पाकिटं, पेन्सिली दोन: १८.
कोकराच्या पायाला पट्टी आणि औषध: ३५.
कुलपं दोन, मोठी, पूर्वेच्या गोठ्याच्या मागच्या दाराला आणि तुझ्या खोलीला. टँकरवाला घेऊन येईल: १४०.
पंधरा दिवस बिनपगारी रजा, आणि पुढे हात बरा होईपर्यंत: अजून मोजता येत नाही.

देणं:
मावशींना, वाकलेल्या झाकणाचे: ६०. त्या नको म्हणतात.
टँकरवाल्याला, पत्रांचे: तो म्हणतो काही नाही. तरी ५०.
थोरल्यांना, तुझ्या जबड्याचे: २,२००. हे दाजींनी भरले असं मी समजत होतो. पावतीवर सही थोरल्यांची आहे.
थोरल्यांना, माझ्या हाताचे: ९००.
थोरल्यांना, कानाचे: रकाना रिकामा ठेवला आहे.
थोरल्यांना, मेंढा, एक. ते म्हणतात सोडून दे. तू म्हणतेस तो तू मारलास. आकडा नाही, तरी हे देणं दोघांच्या नावावर मांडून ठेवतो, अर्धं तुझ्या आणि अर्धं माझ्या.

छोट्या